मुलांच्या पुढच्या शिक्षणाची तयारी : पैसा, कागद आणि तारीख

बारावीचा निकाल लागतो. मुलीला चांगले गुण असतात. घरात पेढे वाटले जातात. पंधरा-वीस दिवसांत प्रवेशाची यादी लागते आणि तिच्याखाली एक ओळ असते : अमुक तारखेपर्यंत शुल्क भरून प्रवेश निश्चित करावा. हातात तीन-चार दिवस असतात. शिष्यवृत्ती मिळणार असते, पण तिचा अर्जही अजून भरायचा असतो. बँकेचे शैक्षणिक कर्ज मिळू शकते, पण त्यासाठी आधी प्रवेशाचे पत्र लागते. मग त्या तीन-चार दिवसांत पैसा कुठून आणायचा?

जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका किंवा सरकारी शाळेत मूल शिकते तेव्हा शाळेचा खर्च फार जाणवत नाही. आठवीपर्यंतचे शिक्षण कायद्याने मोफत असते आणि पुढच्या वर्गांचे शुल्कही खासगी शाळांच्या मानाने कमी असते. त्यामुळे पहिला मोठा खर्च एकदम समोर येतो तो दहावी किंवा बारावीनंतर. त्या वेळी अनेक घरांत हात सावकाराकडे जातो किंवा मुलाचे शिक्षण थांबते. यातले बरेचसे टाळता येते, आणि त्यासाठी मोठा पगार असावा लागत नाही. पैसा, कागद आणि तारीख या तीन गोष्टी वेळेवर जुळवाव्या लागतात. त्या कशा जुळवायच्या, ते या प्रकरणात पाहू.

आधी खर्च, नंतर मदत

छोट्या बचतदाराने पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही : खर्च आधी येतो, मदत नंतर येते. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी अर्ज, शाळा-कॉलेजची तपासणी, जिल्ह्याची व राज्याची तपासणी असे टप्पे पार करून पैसे खात्यात येतात. तोपर्यंत कॉलेज सुरू होऊन काही महिने गेलेले असतात.

म्हणून आपल्या बचतीकडून संपूर्ण शिक्षणाचा खर्च भागावा अशी अपेक्षा ठेवू नका. तसा विचार केला की आकडा इतका मोठा दिसतो, की बचत सुरूच होत नाही. बचतीचे काम एवढेच, की प्रवेशाच्या दिवसापासून मदत हातात येईपर्यंतचा काळ निभावून न्यायचा. तीन-चार महिन्यांचा हा खर्च साधारण कुटुंबाला साठवता येण्यासारखा असतो.

एक उदाहरण

समजा, खानदेशातून सुरतला स्थायिक झालेले एक कुटुंब आहे. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात काम करतात, आई घरी डबे करून देते. मुलगी महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत आहे. बारावीनंतर तिला दुसऱ्या शहरात शिकायला पाठवायचे झाले, तर पहिल्या तीन महिन्यांचा अंदाज असा मांडता येईल. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

- प्रवेश व परीक्षा शुल्क : ७,५०० रुपये
- वसतिगृहाची अनामत : ३,००० रुपये
- तीन महिन्यांची खानावळ : ९,००० रुपये
- पुस्तके, वह्या, कपडे : ३,००० रुपये
- प्रवास, दाखले, छायाप्रती : १,५०० रुपये
- एकूण : २४,००० रुपये

आता दुसरी बाजू पाहू. पोस्टाचे आवर्ती ठेव खाते, म्हणजे आपण ज्याला आरडी म्हणतो ते, पाच वर्षांचे असते. आठवी ते बारावी हीसुद्धा पाच वर्षे होतात. मुलगी आठवीत गेली त्या जूनमध्ये खाते उघडले, तर साठ हप्ते पूर्ण होऊन पैसे हातात येतात ते बरोबर बारावीनंतरच्या जूनच्या सुमारास. प्रवेशाचा काळही तोच.

हे कुटुंब महिन्याला ५०० रुपये बाजूला काढू शकते असे धरू. त्याचे दोन भाग करावेत.

पहिला भाग : महिना ३०० रुपये, पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीत. साठ महिन्यांत १८,००० रुपये जमा होतील.

दुसरा भाग : महिना २०० रुपये, बँकेच्या तीन वर्षांच्या आरडीत. छत्तीस महिन्यांत ७,२०० रुपये होतील. हे पैसे दहावीनंतरच्या प्रवेशासाठी. त्यानंतर हीच २०० रुपयांची आरडी पुन्हा दोन वर्षांसाठी सुरू करावी, म्हणजे बारावीपर्यंत आणखी ४,८०० रुपये होतील.

बारावीच्या वेळी १८,००० आणि ४,८०० मिळून २२,८०० रुपये मुद्दल हातात असेल. त्यावरचे व्याज धरले की २४,००० रुपयांचा पहिला खर्च भागतो. कोणाच्या दारात जावे लागत नाही.

पोस्टाच्या आरडीत महिना किमान १०० रुपये भरता येतात. हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड पडतो. सलग चार हप्ते थकले तर खाते खंडित होते आणि ते ठरलेल्या मुदतीतच पुन्हा सुरू करता येते. म्हणून झेपेल तेवढाच हप्ता ठेवा. ५०० चा हप्ता दोनदा बुडवण्यापेक्षा ३०० चा हप्ता न चुकता भरलेला बरा.

तीच रक्कम सावकाराकडून घेतली तर?

गावात आणि शहरातल्या वस्त्यांतही ‘शेकडा पाच’ हा दर अनेकांनी ऐकला असेल. ऐकायला तो लहान वाटतो, कारण तो महिन्याचा असतो. शंभर रुपयांवर महिन्याला पाच रुपये म्हणजे वर्षाला साठ टक्के.

२४,००० रुपये या दराने घेतले तर महिन्याचे व्याज १,२०० रुपये होते. वर्षभरात १४,४०० रुपये नुसत्या व्याजात जातात आणि मूळचे २४,००० रुपये तसेच डोक्यावर राहतात. जे कुटुंब महिना ५०० रुपये वाचवताना ओढाताण करते, त्यालाच मग महिना १,२०० रुपये व्याज भरावे लागते. आधीची पाच वर्षे केलेली बचत या खड्ड्यापासून वाचवते.

आठवी ते बारावी : कोणत्या वर्षी काय करावे?

*आठवी.* सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती आहे. शाळेत तिला ‘एनएमएमएस’ म्हणतात. तिची परीक्षा आठवीत होते आणि ती आपापले राज्य घेते. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असावे लागते. सातवीच्या गुणांचीही अट असते. पुढची वर्षे शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी मुलाने पहिल्याच प्रयत्नात वरच्या वर्गात जावे लागते आणि दहावीत ठरलेले गुण मिळवावे लागतात.

ही संधी फक्त आठवीतच असते, ते वर्ष गेले की परत येत नाही. म्हणून शाळा सुरू होताच मुख्याध्यापकांना विचारा, “एनएमएमएसचा अर्ज कधी भरायचा?”

*नववी.* हे वर्ष कागद दुरुस्त करण्याचे. मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख शाळेच्या नोंदीत, आधारवर आणि बँकेच्या पासबुकात तंतोतंत सारखी आहे का ते पाहा. एका ठिकाणी ‘बाई’ लागलेले, दुसरीकडे आडनाव आधी, तिसरीकडे एक अक्षर कमी, अशा फरकांवरून पुढे अर्ज परत येतात. दहावीचा बोर्डाचा अर्ज भरण्यापूर्वी शाळेच्या नोंदीत दुरुस्ती करणे सोपे असते. प्रमाणपत्र छापून आल्यावर तेच काम महिनोन् महिने चालते. पंधराव्या वर्षी आधारमध्ये बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद नव्याने करावी लागते, तेही याच सुमारास उरकून घ्या.

*दहावी.* उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला हे निकालानंतर काढायला गेलात तर सगळे गाव तुमच्या आधी रांगेत असते. तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच ते. जुने पुरावे शोधायला लागणारा दाखला, म्हणजे जातीचा, दिवाळीच्या सुट्टीतच काढून ठेवा. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत असते, त्यामुळे तो नवे आर्थिक वर्ष सुरू झाल्यावर, एप्रिल-मेमध्ये काढा.

*अकरावी.* कोणत्या अभ्यासक्रमाला कोणती प्रवेश परीक्षा लागते ते याच वर्षी पाहून ठेवा. केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामायिक परीक्षा आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, कृषी, फार्मसी यांच्या परीक्षा वेगळ्या. प्रत्येक अर्जाला शुल्क असते. चार-पाच अर्ज झाले की तीही रक्कम मोठी होते, म्हणून दोन वर्षांच्या आरडीबरोबर बचत खात्यातही थोडे पैसे राहू द्या.

*बारावी.* निकालानंतर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आणि आपल्या राज्याच्या पोर्टलवर अर्ज भरायचे असतात. बारावीला बोर्डातल्या वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या मुलांसाठी केंद्राची कॉलेज शिष्यवृत्ती आहे. तिच्यात पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. तंत्रशिक्षणाच्या पदविका किंवा पदवीला प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे. तिच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या याशिवाय आहेत.

शिष्यवृत्ती एकदा मिळाली की काम संपत नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. पहिल्या वर्षी पैसे आले आणि दुसऱ्या वर्षी थांबले, यामागे अनेकदा हा न भरलेला अर्जच असतो.

राज्य बदलले की नियम बदलतात

मदतीच्या योजना राज्याराज्यांत वेगळ्या आहेत. तामिळनाडूत सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या मुलींना पुढे कॉलेजला गेल्यावर महिना १,००० रुपये मिळतात. तिथे वैद्यकीय प्रवेशात सरकारी शाळांतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागाही राखीव आहेत. बिहारमध्ये चार लाखांपर्यंत, तर पश्चिम बंगालमध्ये दहा लाखांपर्यंत कर्ज देणाऱ्या ‘स्टुडंट क्रेडिट कार्ड’ योजना आहेत. महाराष्ट्राने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत लागू केली.

आपले मूळ गाव एका राज्यात आणि राहणे दुसऱ्या राज्यात असेल, तर हा प्रश्न दहावीच्या आधीच सोडवा. जातीचा दाखला बहुधा मूळ राज्यातून काढावा लागतो. अधिवास कुठला धरला जाईल, शिष्यवृत्ती कोणते राज्य देईल आणि राज्याच्या कोट्यातला प्रवेश कुठे मिळेल, हे त्यावरून ठरते. सुरत, इंदूर, बेळगाव, हैदराबाद अशा शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही चौकशी शाळेत आणि तहसील किंवा मामलेदार कचेरीत वेळेवर करावी. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी.

दहावीनंतर फक्त अकरावीच का?

दहावीनंतर तीन मुख्य वाटा आहेत. प्रत्येकीचा काळ, खर्च आणि कमाई सुरू होण्याची वेळ वेगळी आहे.

पहिली वाट अकरावी-बारावी आणि मग पदवी. इथे दहावीनंतर किमान पाच वर्षे कमाई नसते.

दुसरी वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय. वेल्डरसारखा अभ्यासक्रम एक वर्षाचा, तर फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. सरकारी आयटीआयचे शुल्क कमी असते. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यात किंवा सरकारी आस्थापनेत शिकाऊ उमेदवारी करता येते आणि त्या काळात दरमहा विद्यावेतन मिळते. उमेदवारी संपली की तिथेच नोकरी मिळेल अशी खात्री मात्र नसते.

तिसरी वाट तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका. दहावीनंतर तीन वर्षांत मूल नोकरीला लागू शकते किंवा अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊ शकते. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. म्हणजे आयटीआयला गेलेल्या मुलाचे पुढचे शिक्षण कायमचे बंद होत नाही.

कोणती वाट चांगली हे मुलाची आवड आणि गुण यांवर ठरवा. पण ठरवताना मुलाला घरचा हिशोबही दाखवा. दर महिन्याला किती येते, किती जाते, किती उरते, हे पंधरा वर्षांच्या मुलाला नक्कीच कळते. आकडे समोर असले की मूल स्वतःहून शिष्यवृत्तीची चौकशी करू लागते. ते लपवले, तर कित्येकदा मूल आपणच ‘मला शिकायचे नाही’ म्हणून मोकळे होते आणि त्यामागचे खरे कारण घरात कोणालाच कळत नाही.

खाते तयार आहे का?

शिष्यवृत्तीचे पैसे आता बहुतेक थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. म्हणून मुलाच्या नावाचे खाते हवे. दहा वर्षांवरील मुलांना बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतः खाते चालवता येते. खात्यात पुढील चार गोष्टी तपासा.

१. खाते थेट लाभासाठी आधारशी जोडलेले आहे का? बँकेत आधारची प्रत देणे आणि थेट लाभासाठी जोडणी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाखेत स्पष्ट विचारा, “या खात्यात सरकारी अनुदान जमा होईल अशी आधार जोडणी झाली आहे का?” एका व्यक्तीची दोन खाती असतील, तर पैसे जोडणी असलेल्या खात्यातच जातात.

२. खाते चालू आहे का? दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय होऊ शकते. वर्षातून दोन-तीनदा शंभर-दोनशे रुपये भरा, काढा आणि पासबुक भरून घ्या.

३. मूल अठरा वर्षांचे झाले का? अज्ञान मुलाचे खाते सज्ञान झाल्यावर नव्या सह्या आणि ओळखीचे कागद देऊन बदलून घ्यावे लागते. नेमके याच वर्षी कॉलेजचे पहिले पैसे यायचे असतात. वाढदिवसानंतरच्या आठवड्यातच बँकेत जाऊन या.

४. मोबाइल क्रमांक कोणाचा आहे? खात्याला आणि आधारला आपल्याच घरचा, चालू असलेला क्रमांक जोडा. सायबर कॅफेवाल्याचा किंवा ओळखीच्या एजंटाचा क्रमांक देऊ नका.

मुलगी लहान असेल तर

घरात दहा वर्षांखालील मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खात्याचा विचार करा. वर्षाला किमान २५० रुपये भरून ते चालू ठेवता येते. भरणा पंधरा वर्षे करायचा असतो आणि खात्याची मुदत एकवीस वर्षांची असते. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी उत्तीर्ण झाली, यांतले जे आधी होईल तेव्हापासून शिक्षणासाठी मागील आर्थिक वर्षाच्या अखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. त्यासाठी प्रवेशाचा किंवा शुल्काचा कागद दाखवावा लागतो. शिल्लक ८०,००० असेल तर ४०,००० पर्यंत, पण शुल्क त्याहून कमी असेल तर तेवढेच.

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, पंधरा वर्षांचा असतो आणि त्यातून सातव्या वर्षापासून काही रक्कम काढता येते. मूल आठवी-नववीत असताना नव्याने उघडलेले पीपीएफ खाते बारावीच्या प्रवेशाला उपयोगी पडणार नाही. जवळच्या तारखेचे पैसे आरडीत किंवा मुदत ठेवीत, लांबच्या तारखेचे पैसे सुकन्या किंवा पीपीएफमध्ये, असा साधा नियम ठेवा.

शैक्षणिक कर्ज कधी घ्यावे?

आधी जे फुकट मिळते ते, म्हणजे शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलत. मग स्वतःची बचत. त्यानंतरही कमी पडेल तेवढ्याच रकमेसाठी बँकेचे कर्ज, असा क्रम ठेवा.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला मालमत्ता तारण ठेवावी लागत नाही आणि स्वतःचा वाटाही भरावा लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर या सवलतीच्या काळातले व्याज भरणारी केंद्राची योजना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-विद्यालक्ष्मी’ योजनेत ठरावीक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. आयटीआयसारख्या कौशल्य अभ्यासक्रमांसाठी वेगळी कौशल्य कर्ज योजना आहे.

‘हप्ता सुरू नाही’ याचा अर्थ ‘व्याज सुरू नाही’ असा नाही. समजा, एक लाख रुपये कर्ज आहे, दर दहा टक्के आहे आणि व्याजाची सवलत मिळत नाही. तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष सवलत, अशा चार वर्षांत सरळ व्याज ४०,००० रुपये होते. मग परतफेड १,४०,००० रुपयांची होते आणि सात वर्षांसाठी हप्ता सुमारे २,३२५ रुपये पडतो. शिकत असतानाच महिना सुमारे ८३५ रुपये व्याज भरत गेलात, तर कर्ज एक लाखच राहते आणि हप्ता सुमारे १,६६० रुपये पडतो. बारावीपर्यंत आरडीत ५०० रुपये भरण्याची सवय झालेल्या घराला ही सवय पुढे चालवता येते. पूर्ण व्याज जमले नाही तर अर्धे भरा, तेवढेही ओझे कमी होते.

फसवणुकीपासून सावध

- ‘तुमच्या मुलाला शिष्यवृत्ती मंजूर झाली, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.
- कॉलेजला मान्यता आहे का ते प्रवेशाआधी पाहा. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. तांत्रिक संस्थांची मान्यता तंत्रशिक्षण परिषदेच्या संकेतस्थळावर दिसते.
- शुल्क कॉलेजच्या खात्यात भरा आणि पावती घ्या. एजंटाच्या वैयक्तिक खात्यात किंवा रोख भरू नका.
- विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार कॉलेजला मुलाची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. प्रवेश रद्द केला तर शुल्क किती परत मिळेल, हे तुम्ही किती लवकर कळवता त्यावर ठरते. म्हणून लेखी आणि ताबडतोब कळवा.
- बँकेबद्दल तक्रार असेल तर आधी शाखेत लेखी द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी दूरध्वनी १४४४८.

नेहमीचे प्रश्न

*मूल आत्ताच दहावीत आहे. आता बचत करून काय उपयोग?*
बारावीला अजून दोन वर्षांहून अधिक काळ आहे. महिना ५०० रुपयांनी चोवीस महिन्यांत १२,००० रुपये होतात. पूर्ण खर्च भागणार नाही, पण प्रवेशाचे शुल्क भागेल आणि कर्ज लहान राहील.

*एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या घेता येतात का?*
बहुतेक योजनांत एका वेळी एकच चालते. दोन्हींच्या अटी वाचून जिची रक्कम जास्त आणि नूतनीकरण सोपे, ती निवडा.

*मुलाने शाळा सोडली आहे. आता काही मार्ग आहे का?*
आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून काम करत दहावी-बारावी करता येते. काही आयटीआय अभ्यासक्रमांना आठवी उत्तीर्ण मुलांनाही प्रवेश असतो.

*शिष्यवृत्तीचे पैसे आल्यावर घरखर्चाला वापरले तर?*
अडचण कोणालाही येते. पण ते पैसे आले की आधी आपल्या बचतीतून प्रवेशाला काढलेली रक्कम परत भरून ठेवा. पुढच्या जूनला दुसऱ्या वर्षाचे शुल्क येणार आहे आणि तेव्हाही शिष्यवृत्ती उशिराच येईल.

आज काय करावे?

घरातल्या मुलाची इयत्ता एका कागदावर लिहा. तिच्यापुढे दहावी आणि बारावीचा जून कोणत्या वर्षी येतो ते लिहा. त्या दोन तारखांच्या खाली दोन रकमा लिहा, अंदाजे चालतील. मग पासबुक, आधार आणि शाळेचे प्रगतिपुस्तक शेजारी शेजारी ठेवून तिन्हींवरचे नाव वाचा. फरक दिसला तर याच आठवड्यात शाळेत जा. फरक नसेल तर पोस्टात जा आणि झेपेल त्या रकमेची आरडी उघडा. आठवीचे मूल असेल, तर उद्या सकाळी शाळेच्या दारात एनएमएमएसची चौकशी करायला विसरू नका.